लेसन बेटावरील पक्षी

पॅसिफिक महासागरांत होनोलुलूच्या वायव्येस सुमारें ९०० मैलांवर लेसन नांवाचें एक ठेंगणें बेट आहे. प्रवाळांच्या खडकावर वाळू सांचून तें बनलें असून त्याचें क्षेत्रफळ दीड चौरस मैलांहून फारसें अधिक नाहीं. मनुष्यवस्ती नसल्यामुळें आल्बट्रॉस, सुरय इत्यादि समुद्रपक्षी तेथें लाखोंच्या संख्येनें विणीसाठीं येत. आल्बट्रॉसची मादी एका विणींत एकच अंडें घालते. नर व मादी तें आळीपाळीनें उबवितात. शत्रूचा परिचय नसल्यामुळें मनुष्य जवळ आला तरी हा पक्षी अंड्यावरून हालत नसे. हा भोळेपणाच त्यास भोंवला.

मनुष्य आला तो खतासाठीं. युगानुयुगें सांचलेली पक्ष्यांची विष्ठा खणून नेण्याचा उद्योग १८९० नंतर तेथें सुरू झाला. त्याच्या व्यवस्थापकानें १९०३ च्या सुमारास मांसविक्रीच्या आशेनें ससे आणून सोडले. पाश्चात्त्य स्त्रियांच्या टोप्यांसाठीं पिसांचा व्यापारहि त्या काळीं भरभराटींत होता. १९०९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हुकूम काढून ही बेटांची रांग पक्ष्यांसाठीं राखून ठेविली. परंतु इतक्या दूरच्या निर्जन बेटावर हुकूम वाचणार कोण? त्याच वर्षीं जपानी पारध्यांनीं दोन लाखांहून अधिक पक्षी मारले. १९१० च्या जानेवारींत ‘थेटिस’ हें सरकारी जहाज आलें, तेव्हां कोठें २३ पारधी पकडले गेले.

पारधी गेले, ससे मात्र राहिले. त्यांनीं एकाहि पक्ष्यास दंश केला नाहीं; केवळ गवत व झुडपें खाल्लीं. मुळें गेलीं, तशी वाळू मोकळी झाली. १९२३ सालीं अलेक्झांडर वेटमोर यांच्या नेतृत्वाखालीं शास्त्रज्ञांची तुकडी आली, तेव्हां बेटाचें वाळवंट झालें होतें. त्यांनीं उरलेले ससे मारून टाकले. मधावर जगणाऱ्या एका चिमुकल्या तांबड्या पक्ष्याच्या जातीचे अवघे तीन पक्षी तेव्हां उरले होते. वाळूच्या एका वादळांत तेहि नाहींसे झाले.

पुढें हिरवळ परतली, आणि आल्बट्रॉसहि परतले. आज लाखों समुद्रपक्षी तेथें पुन्हां वीण करितात. त्यांस आश्रयास अफाट समुद्र होता. त्या तांबड्या पक्ष्यास मात्र लेसनवांचून दुसरें घर नव्हतें. तो कायमचा गेला. हुकूम वेळेवर निघाला होता; त्याचा अंमल करणारें जहाज तेवढें वेळेवर पोंचलें नाहीं, आणि सशांचा बंदोबस्त तर वेळेवर झालाच नाहीं.