लातूर जिल्हा परिषद शाळांचे वित्त व राज्य नियंत्रण

लातूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील बहुतांश सरकारी प्राथमिक शाळा लातूर जिल्हा परिषद चालवते. शाळांचे व्यवस्थापन या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे असले, तरी त्यांच्या खर्चाचा मोठा भाग महाराष्ट्र शासनाच्या अनुदानातून भागवला जातो. जबाबदारी स्थानिक आणि निधी राज्याचा, अशा रचनेमुळे जिल्हा परिषदेची आर्थिक स्वायत्तता मर्यादित राहिली आहे.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आला. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत समाविष्ट केलेल्या २९ विषयांमध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा समावेश आहे.

प्रशासकीय रचना

धोरणात्मक बाबी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे येतात, तर अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकारी व शिक्षणाधिकारी (प्राथमिक) करतात. तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी आणि त्याखाली केंद्रप्रमुख असतात. लातूर तालुक्यातील मुरुड येथील जिल्हा परिषद शाळा या रचनेनुसार लातूर पंचायत समितीच्या कार्यक्षेत्रात येते. शाळेच्या पातळीवर पालकांचा समावेश असलेली शाळा व्यवस्थापन समिती काम करते.

उत्पन्न व खर्च

शिक्षकांचे वेतन राज्य अनुदानातून होते. समग्र शिक्षा योजनेचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा, भाडे आणि ठेवींवरील व्याज ही जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाची साधने आहेत. त्यातूनही २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. त्यामुळे वर्गखोल्यांची दुरुस्ती, वीजदेयके, स्वच्छतागृहे यांसारख्या गरजांसाठी स्वनिधी अपुरा पडतो. वीजदेयक थकल्याने शाळांचा पुरवठा खंडित झाल्याचे प्रकार राज्याच्या अनेक भागांत घडले आहेत.

राज्याचे नियंत्रण

जिल्हा परिषदेच्या हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यांना भेटी देऊन लेखा आक्षेपांवर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. विभागीय आयुक्तांना देखरेखीचे, तर शासनाला विशिष्ट परिस्थितीत जिल्हा परिषद विसर्जित करण्याचे अधिकार आहेत. शिक्षकांची पदसंख्या शासनाच्या निकषांवर आधारित संचमान्यतेने ठरते आणि भरती ‘पवित्र’ या राज्यस्तरीय प्रणालीद्वारे होते.

प्रशासक राजवट

फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेच्या वादामुळे निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. परिणामी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांचे अर्थसंकल्प निर्वाचित सभागृहाविना मंजूर झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत जिल्हा परिषद व पंचायत समित्यांना प्रत्येकी १० टक्के वाटा आहे. निर्वाचित मंडळ नसल्याने या वाट्याचे वितरण राज्यात थांबले. ग्रामपंचायतींचा ८० टक्के वाटा स्वतंत्र असून तो निर्वाचित ग्रामपंचायतींना मिळत राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले; ही मुदत पुढे वाढवण्यात आली.

कमी पटाच्या शाळा

२०२३ मध्ये राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा होत्या. त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ स्थापन करण्यासाठी शिक्षण विभागाने प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत विषयनिहाय शिक्षक व सुविधा देता येतात, अशी शासनाची भूमिका होती. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, या शिक्षण हक्क नियमाकडे बोट दाखवत शिक्षक संघटना व शिक्षणतज्ज्ञांनी त्यास विरोध केला. वाड्या-तांड्यांवरील मुली व ऊसतोड कामगारांची मुले शाळेबाहेर जातील, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता.