दुसऱ्याचं गाणं, आपला आवाज

परवा नातवाने जॉनी कॅशचा 'अमेरिकन फोर : द मॅन कम्स अराउंड' हा २००२ सालचा अल्बम ऐकवला. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कष्टकऱ्यांचं गाणं, एवढीच माझी जाण.

१९८६ च्या सुमारास कॅशला त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने सोडलं होतं. १९९४ मध्ये रिक रुबिन या निर्मात्याने त्याला पुन्हा उभं केलं. या अल्बमचं शीर्षकगीत कॅशने नवं लिहिलेलं. 'गिव्ह माय लव्ह टू रोझ' हे त्याचंच १९५७ सालचं, पुन्हा गायलेलं. बाकी बरीचशी दुसऱ्यांची.

त्यातलं 'हर्ट' ट्रेंट रेझ्नरचं, १९९४ सालचं. तेव्हा तो तिशीच्या आतला. कॅश ७० वर्षांचा, आजारी. आवाज कापतो, श्वास पुरत नाही. तरुणाची स्वतःवरची चीड म्हाताऱ्याच्या तोंडी आयुष्याचा हिशेब होते. शब्द जवळपास तेच! मे २००३ मध्ये पत्नी जून गेली, सप्टेंबरात कॅश. हयातीत निघालेला त्याचा हा शेवटचा अल्बम.

मी ३६ वर्षं मुलांना दुसऱ्यांच्याच कविता शिकवल्या. स्वतःची एक ओळ लिहिली नाही, ही खंत निवृत्तीनंतर टोचत राहिली. 'हर्ट' ऐकलं आणि वाटलं, कविता त्याच होत्या, पण पंचविशीत म्हटलेली आणि शेवटच्या वर्षी म्हटलेली एक नव्हती. तेवढी तरी माझी होती...

असो. नातू म्हणाला, "आजोबा, पुन्हा लावू?" म्हटलं, लाव.