जोड कोणी लावायची?

महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीन वेळा उचलणारे मल्ल दोनच. नरसिंग यादव यांनी ती २०११, २०१२ आणि २०१३ साली जिंकली. त्यांच्या पाठोपाठ २०१४, २०१५ आणि २०१६ साली ती जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींकडे आली. या दोघांत भारी कोण, हा खानदेशातल्या कुस्तीशौकिनांचा न संपणारा वाद आहे. नरसिंग यांची बाजू घेणारे म्हणतात, हा गडी मुळात ७४ किलोचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच गटात सुवर्ण, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि तरी इथे थोराड मल्लांना लोळवून तीन गदा नेल्या. चौधरींच्या बाजूचे विचारतात, कोल्हापूर-सांगलीसारखा तालमींचा वारसा नसलेल्या जिल्ह्यातून येऊन तीन वर्षे शिखरावर टिकणे सोपे आहे का? २०१६ साली वारज्याच्या अंतिम फेरीत समोर अभिजित कटके होते आणि पुढच्याच वर्षी ती गदा कटके यांनीच जिंकली, म्हणजे समोरचा कच्चा होता असेही म्हणता येत नाही. पुढे पोलीस उपअधीक्षक झालेल्या चौधरींनी २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवले, हा मुद्दाही आता या बाजूच्या हाती आहे. वजन, प्रतिस्पर्धी, काळ आणि पार्श्वभूमी अशी चार वेगळी मापे घेऊन चाललेला हा वाद निकाली निघणार नाही, हे वाद घालणाऱ्यांनाही ठाऊक असते.

अशा वादांकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. खानदेशातल्या कुस्तीचा इतिहास पाहिला तर ‘भारी कोण’ हा प्रश्न कुस्ती संपल्यावरच्या गप्पांचा नव्हता. कुस्ती सुरू होण्याआधी तो चारचौघांत सोडवावा लागे आणि तो सोडवण्यात प्रेक्षकांचा वाटा असे. संघटित स्पर्धा आल्या तसा हा अधिकार समित्यांकडे आणि पंचांकडे गेला. तो जाण्यात लाभ मोठा होता. पण निर्णय लोकांसमोर घ्यायचा आणि त्याचे कारण तिथेच सांगायचे, ही जुनी शिस्तही त्याबरोबर सुटली. निवडीवरून आणि निकालांवरून आज जो गदारोळ उठतो, त्याचे मूळ या सुटलेल्या शिस्तीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रेक्षकाला हा अधिकार मिळाला कसा, हे समजायला दक्षिण महाराष्ट्राशी तुलना करावी लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. औंध, सांगली, मिरज या संस्थानांतही पैलवानांची कदर होती. मल्लाचा खुराक दरबारातून येई, त्यामुळे कोणाची कुस्ती कोणाशी लावायची यात दरबाराचा शब्द चाले. खानदेश मात्र १८१८ पासून थेट कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या अमलाखालचा मुलूख. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे (१९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला). मैदानाच्या खर्चाला हात देईल असा कोल्हापूरसारखा दरबार इथे नव्हता. कुस्ती जगली ती गावोगावच्या यात्रांतल्या दंगलींवर, आणि दंगल उभी राहायची लोकवर्गणीतून. कपाशी चांगली पिकली तर इनामाचा आकडा फुगायचा, पावसाने दगा दिला तर आखडायचा. ज्याने वर्गणी दिली त्याला तोडीची कुस्ती पाहण्याचा हक्क आहे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. ते सगळ्यांनी धरूनच चालायचे असे.

हा हक्क वापरला जाई तो जोड लावताना. रब्बीची कामे उरकल्यावर, चैत्र-वैशाखातल्या यात्रेत, नदीच्या कोरड्या पात्रात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात रिंगण धरले जाते. सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी होते. त्यांना नारळ, रेवड्या, किरकोळ रक्कम. मग इनाम चढत जाते. एखादा पैलवान लंगोट कसून रिंगणात उतरतो, कुणी तरी त्याचा हात धरून त्याला मैदानभर फिरवतो, आणि त्याच्याशी कोण धरणार, अशी हाक जाते. समोरून कोणी उठला की पंच दोघांना शेजारी उभे करतात. उंची, खांदे, मांड्या, मानेचा कस, कानांचा आकार नजरेने मोजला जातो. चुरगळलेला कान म्हणजे माती खाल्लेला गडी, हे पोरासोरांनाही कळते. दोघांची तालीम कोणती, वस्ताद कोण, गेल्या यात्रेत कोणाला पाडले, ही माहिती पंचांच्या आधी कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांकडून येते. जोड विजोड दिसली तर चहूबाजूंनी ओरडा होतो आणि पंचांना ती सोडवावी लागते. कधी इनाम वाढवून मोठा गडी बोलावला जातो, कधी लहान पैलवानाच्या वस्तादाला विचारून त्याची तयारी असेल तरच सलामी होते. खेळाडूंची पारख आणि निवड ही दोन्ही कामे इथे एकाच जागी, भर उन्हात, सर्वांच्या कानांवर पडतील अशी होतात.

या पद्धतीचा एक उघड फायदा होता. ठरवून केलेली नुरा कुस्ती अशा मैदानात पचवणे अवघड. दोघे नुसते खडाखडी करत राहिले, एकही डाव मनापासून टाकत नाहीत असे दिसले, की लोक इनाम रोखायला लावत. निकाल चीतपटीवर असल्याने वादाला जागाही थोडी: दोन्ही खांदे मातीला लागले की नाही, एवढाच प्रश्न. लागले नाहीत आणि वेळ संपली, तर कुस्ती बरोबरीत सोडवायची.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: जमाव निःपक्षपाती नसतो. आपल्या गावचा, आपल्या तालमीचा, आपल्या जातीचा गडी त्याला नेहमीच भारी वाटतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो खानदेशापुरता नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९३३ पासून निवडक खेळाडूंचा ‘ऑल-स्टार’ सामना होतो. १९५७ साली सिनसिनाटीच्या चाहत्यांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला, की नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या संघात त्यांच्याच क्लबचे सात जण निवडून आले. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यातले दोघे काढून विली मेज आणि हँक एरन यांना घेतले, आणि चाहत्यांचा मताधिकार गेला तो थेट १९७० साली परत आला. पण या उदाहरणाकडे नीट पाहिले तर फरकही दिसतो. सिनसिनाटीच्या चाहत्याला आपल्या मताचे कारण कोणाला द्यायचे नव्हते. मतपत्रिका भरली, टाकली, संपले. दंगलीतल्या माणसाला विरुद्ध गावाच्या माणसासमोर बोलावे लागे आणि तो जे बोलला त्याचा पडताळा दहा मिनिटांत मातीत लागे. पक्षपात दोन्हीकडे होता. उत्तरदायित्व एकीकडेच होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही लोकांची पारख सगळ्या लोकांची नव्हती. मुलींची जोड लावण्याचा विचार बहुतेक मैदानांना शिवलासुद्धा नाही. प्रेक्षकांतही बाया क्वचितच असत. महिलांची महाराष्ट्र केसरी अखेर मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. हा बदल यात्रेतल्या रिंगणातून आला नाही. तो संघटित, नियमबद्ध कुस्तीने घडवला. जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना ही बाजू झाकून चालणार नाही, आणि म्हणूनच निर्णय पुन्हा जमावाच्या हाती द्या, असे मी म्हणत नाही.

संघटित कुस्तीने खानदेशाला काय दिले, तेही पाहावे. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ साली औरंगाबादला महाराष्ट्र केसरीचा पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी मिळवला. गादी आणि माती असे दोन विभाग, वजनगट, गुणपद्धती आणि प्रत्येक जिल्ह्याची निवड चाचणी, असा सांगाडा बसत गेला. जिल्हावार निवडीवर नेहमीची तक्रार अशी, की पुणे-कोल्हापूरचा दुसऱ्या क्रमांकाचा तगडा मल्ल घरी बसतो आणि दुबळ्या जिल्ह्याचा पहिला मात्र मैदानात येतो. ही तक्रार अमेरिकेतही ऐकू येते, कारण तिथे ऑल-स्टार संघात प्रत्येक क्लबचा निदान एक खेळाडू घ्यावाच लागतो. गुणवत्तेच्या काटेकोर हिशेबात हा नियम बसत नाही, हे मान्य. पण तो नसता तर जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांतली पोरे कशाच्या आशेवर तालमीत घाम गाळत बसली असती? चौधरींच्या तीन गदा म्हणजे या नियमाची सिद्धता नव्हे, एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही. तरी ‘दुबळा जिल्हा’ हे लेबल किती बेभरवशाचे असते, एवढे त्यांनी नक्कीच दाखवले.

मग हरवले काय? तीन प्रसंग पुरेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव आधी वगळले गेले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, असा त्यांचा आक्षेप होता. पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर त्यांना चाचणीची संधी मिळाली, आणि त्यांनी आणलेले कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. समितीच्या कागदावरचा एक गुण आणि मातीतला कस यांत केवढी दरी पडू शकते, ते तिथे दिसले. दुसरा प्रसंग २०१६ चा. रिओसाठी ७४ किलोचा कोटा नरसिंग यादव यांनी जागतिक स्पर्धेतल्या कांस्याने मिळवला होता. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेल्या सुशील कुमार यांनी चाचणीची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने जूनमध्ये ती फेटाळली. पुढे उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात क्रीडा लवादाने नरसिंग यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली आणि त्यांना रिओत खेळता आले नाही, हा भाग वेगळा. निवडीपुरते बोलायचे तर संघटनेची भूमिका बचाव करण्याजोगी होती: कोटा जिंकणाऱ्याला पाठवायचे, हा तिचा प्रघात. पण प्रघात म्हणजे आधी जाहीर केलेला नियम नव्हे. चाचणी केव्हा होणार आणि केव्हा नाही, हे लेखी आणि आगाऊ सांगितले असते, तर जोड न्यायालयात लागली नसती.

तिसरा प्रसंग जानेवारी २०२३ चा, पुण्यातल्या कोथरूडचा. माती विभागात महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांना बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. त्या चार गुणांवर महाराष्ट्रभर आठवडाभर काथ्याकूट चालला. नियम असा, की उभ्याने टाकलेल्या डावात प्रतिस्पर्ध्याची पाठ थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे जमिनीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात गेली तर चार गुण. नुसता खाली आणला तर दोन. चीतपटीवर वाढलेल्या डोळ्याला हा कोन दिसतच नाही, कारण तो पाहायला तो कधी शिकलेला नाही. माती जुनी, मोजमाप नवे, आणि दोहोंमधला दुवा जोडून देणारे मैदानात कोणी नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे यांच्या खांद्यांवरून झालेला वाद तर पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेला आणि राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. तरी तो वाद चीतपटीचा, म्हणजे मैदानातल्या प्रत्येकाला कळणाऱ्या एकाच गोष्टीचा होता, आणि त्या क्षणाचे चित्रीकरण सर्वांसमोर तपासले असते तर निम्मा संशय जागच्या जागी विरला असता.

यावर जाणकार म्हणतील, की पंचांनी प्रत्येक गुणाचे स्पष्टीकरण देत बसायचे तर कुस्ती संपायची कधी, आणि नियम न वाचलेल्या प्रेक्षकाला एवढे महत्त्व कशाला? वेळेची अडचण खरी आहे. पण कारण सांगणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. दंगलीतले पंचही अखेर आपलाच शब्द चालवत. फक्त तो शब्द कशावर उभा आहे, ते लोकांना दिसत असे. जिल्ह्याच्या निवड चाचणीचा गुणतक्ता त्याच दिवशी फलकावर लागावा, आक्षेप घेतलेल्या डावाचे चित्रीकरण मैदानातल्या पडद्यावर दाखवून दोन वाक्यांत निर्णय सांगावा, आणि कोटा की चाचणी हे हंगामाच्या आधी छापून ठेवावे: यातले काहीही परिषदेच्या किंवा जिल्हा संघांच्या आवाक्याबाहेरचे नाही. नियम न कळणारा प्रेक्षक दोन हंगामांत तो शिकेल, कारण पारख करण्याची सवय त्याला आधीपासून आहे. एवढे झाल्यावर नरसिंग भारी की विजय, हा वाद अर्थातच चालू राहील, आणि राहावा. फक्त तो पैलवानांच्या कसाबद्दल असेल, पंचांच्या नियतीबद्दल नाही.