शून्य ते दहा: दुखणं मोजायचं कसं?

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नाबद्दल आहे. हॉस्पिटलात सिस्टर विचारतात, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" हा प्रश्न आला कुठून?

मी तो पहिल्यांदा ऐकला माझ्या आजीच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर. आजी म्हणाली, "दोन." सिस्टरांनी तो आकडा लिहिलाच नाही. म्हणाल्या, "आजी, जरा कुशीवर वळता का?" आजीनं चादर मुठीत घट्ट धरली, कपाळावर घाम आला. "आता किती?" आजी हळूच म्हणाली, "आठ असेल गं. तुला उगाच त्रास नको, म्हणून बोलले नाही."

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. मला वाटलं, तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला मशीन आहे, पण दुखण्याला सेन्सरच नाही! पेशंटचं म्हणणं आणि सिस्टरांची नजर, यावरच सगळं चालतं.

आता थोडं मागे जाऊ. पूर्वी अमेरिकेतले डॉक्टर बऱ्याचदा वेदनेचं इंजेक्शन 'गरज पडल्यास' असं लिहून ठेवायचे. गरज पडली की नाही, हे ठरवायची नर्स. पेशंट कण्हत असेल तर दुखतंय, हसत असेल तर नाटक करतोय, असा सरळ हिशोब अनेकदा व्हायचा. 1968 साली कॅलिफोर्नियातल्या मार्गो मॅकॅफरी या नर्सनं हा हिशोबच उलटवला. तिचं म्हणणं असं, की दुखण्याचा खरा जाणकार पेशंटच असतो. तो दुखतंय म्हणाला, की ते खरं मानायचं आणि कामाला लागायचं.

हे सांगायची गरज होती का? होती. 1973 साली न्यूयॉर्कमधल्या मार्क्स आणि सॅकर या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 37 पेशंट पाहिले. सगळ्यांना मॉर्फिनसारखी जोरदार औषधं चालू होती. तरीही 32 टक्के तीव्र वेदनेत होते, आणखी 41 टक्के मध्यम. कारण? व्यसन लागेल या भीतीनं डॉक्टर डोस कमी लिहायचे आणि नर्स त्याहूनही कमी द्यायच्या. म्हणजे औषध कपाटात होतं आणि माणूस कॉटवर तळमळत होता.

पण ज्याला आकडाच कळत नाही, त्याचं काय? 1981 साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात, डोना वाँग ही नर्स आणि तिची सहकारी कॉनी बेकर यांच्यासमोर हाच प्रश्न होता. त्यांनी मुलांना कोरी वर्तुळं दिली आणि त्यात चेहरे काढायला सांगितलं. हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे ते सहा चेहरे आज जगभरच्या हॉस्पिटलांत भिंतीवर दिसतात.

इथवर गोष्ट छान आहे. पुढे मात्र घोळ झाला. 1990च्या दशकात अमेरिकेत वेदनेला नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाबाच्या रांगेत बसवलं, म्हणजे पाचवी नोंद. 2001पासून तिथल्या हॉस्पिटलांना मान्यतेसाठी वेदनेची तपासणी करणं भाग पडलं. हेतू चांगला होता. पण बऱ्याच ठिकाणी आकडा मोठा दिसला की गोळी, असा शॉर्टकट पडला. त्यात औषध कंपन्यांची जोरदार जाहिरातबाजी. पुढे व्यसनाची लाट आली, आणि 2016 साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं 'पाचवी नोंद' हा प्रकार बंद करा, असं सांगितलं.

म्हणजे आधी पेशंटवर विश्वास नव्हता म्हणून माणसं तळमळली. नंतर नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवला म्हणून माणसं अडकली.

चांगल्या सिस्टर या दोन्हींच्या मधून वाट काढतात. आधी विश्वास ठेवतात, मग चौकशी करतात. कुठे दुखतंय? ठणकतंय, कळ येतेय, की आग होतेय? हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आग आणि मुंग्या म्हटलं की नसेचं दुखणं असू शकतं, आणि तिथे नेहमीची गोळी फारशी चालत नाही. हलल्यावर, खोकल्यावर किती दुखतं? पुढचा डोस देण्याआधी पेशंट जास्त गुंगीत नाही ना, श्वास मंदावला नाही ना, हे बघतात. आणि औषध दिल्यावर परत येऊन विचारतात. ही शेवटची पायरी गाळली, तर पहिल्या सगळ्या वाया.

आजीच्या सिस्टर परत आल्या होत्या. पुन्हा कुशीवर वळायला सांगितलं. या वेळी मूठ सैल होती. आजी म्हणाली, "तीन." तेव्हा कुठे त्यांनी तो आकडा लिहिला.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी "काही नाही रे, थोडंसंच दुखतंय" म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. जरा उठून बसायला सांगा आणि हातांकडे बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!