फोन रीसेट मारण्याआधी : काय जाते, काय राहते, आणि माणूस कुठे अडकतो

फोन हँग व्हायला लागला, स्टोरेज भरले किंवा जाहिराती आपोआप उघडू लागल्या की घरातले कोणी ना कोणी सल्ला देतेच, "रीसेट मारून टाका, नव्यासारखा होईल." सल्ला चुकीचा नाही. फॅक्टरी रीसेट केला की फोन खोक्यातून काढताना जसा होता तसा होतो. पण याचा दुसरा अर्थ असा, की त्या दिवसानंतर तुम्ही त्यात जे जे भरले ते सगळे पुसले जाते. बटण दाबायला दहा सेकंद लागतात. पुसलेले परत मिळवायला मात्र बहुतेक वेळा कुठलाच दुकानदार उपयोगी पडत नाही.

शाळेत पालकांशी बोलताना आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो, म्हणून सगळी माहिती इथे एकत्र देत आहोत. एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे : रीसेट ही शेवटची पायरी आहे, खरे काम त्याच्या आधीचे आहे.

आधी पाहा, रीसेटची गरज आहे का?

पुष्कळदा नसते. वायफाय किंवा ब्लूटूथ नीट चालत नसेल तर फक्त नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याचा वेगळा पर्याय असतो. त्यात फोटो किंवा मेसेज जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात. स्टोरेज भरले असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे दिसते. रोजच्या गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तिथूनच काढता येतात.

एखादे नवे ॲप घेतल्यावर त्रास सुरू झाला असेल तर आधी ते ॲप काढून पाहा. आणि फोन सहा-सात वर्षे जुना असेल तर रीसेटने थोडा हलका होईल, पण कंपनीने बंद केलेले सुरक्षा अपडेट त्यामुळे परत सुरू होणार नाहीत.

काय जाते आणि काय राहते

जाते : फोनच्या आतल्या मेमरीतले फोटो, व्हिडिओ, डाउनलोड केलेल्या फाइल, रेकॉर्डिंग, एसएमएस, सर्व ॲप आणि त्यांतली माहिती, फक्त फोनमध्ये सेव्ह केलेले नंबर.

राहते : गुगल खात्यात सेव्ह असलेले नंबर, गुगल फोटोजवर चढलेले फोटो, डिजिलॉकरमधली कागदपत्रे, बँकेतले पैसे. यूपीआय ॲप पुन्हा टाकून त्याच सिमवरून नोंदणी केली की खाते परत दिसते. मात्र सुरुवातीच्या २४ तासांत पैसे पाठवण्यावर कमी रकमेची मर्यादा येऊ शकते. फी भरण्याच्या शेवटच्या तारखेला रीसेट करू नये, ते यासाठी.

मेमरी कार्ड सहसा पुसले जात नाही, तरीही ते आणि सिम आधी काढून ठेवावे. एक अपवाद आहे. काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलेले असते. तसे असेल तर रीसेटनंतर त्या कार्डावरची माहिती कुठेच वाचता येत नाही. ई-सिम असेल तर रीसेट करताना ते पुसायचे की ठेवायचे हे फोन विचारतो. फोन स्वतःच वापरणार असाल तर ठेवा.

बॅकअप घेतला, पण पाहिला का?

"बॅकअप चालू आहे" आणि "बॅकअप झाला आहे" यांत फरक आहे. गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही याच जागेत मोजले जातात. आयक्लाउडवर तर ५ जीबीच फुकट आहे. जागा भरली की बॅकअप गपचूप थांबतो, आणि घरातल्यांना वाटत राहते की फोटो वर जात आहेत.

म्हणून दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तेच खाते उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गेल्या आठवड्यातला फोटो दिसतो का? दोन वर्षांपूर्वीचा दिसतो का? दोन-चार नंबर आहेत का? व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोंचा फोल्डर बऱ्याच फोनमध्ये बॅकअपला जोडलेलाच नसतो, तो वेगळा तपासा. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे यूएसबी केबलने फोटोंचे फोल्डर कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवणे. घरात कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी पेन ड्राइव्ह थेट फोनला लावता येतो.

एक इशारा. बॅकअप झाल्यावर "आता फोनमधले हाताने डिलीट करू" असे करू नका. खाते फोनला जोडलेले असताना गुगल फोटोज किंवा आयक्लाउडमधून फोटो डिलीट केला तर तो वरूनही जातो.

आणखी एक. गुगलवरचा फोनचा बॅकअप कायमचा नसतो. तो फोन ५७ दिवस वापरला नाही तर बॅकअप पुसला जाऊ शकतो. जुना फोन रीसेट करून कपाटात ठेवला आणि ईदला नवा घेऊ असे ठरवले, तर मधले दिवस मोजा.

व्हॉट्सॲप : सगळ्यात जास्त नुकसान इथे होते

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात वालिद आखातात नोकरीला होते. त्यांच्या इंतकालनंतर अम्मीकडे त्यांचे शेकडो व्हॉइस मेसेज होते. फोन हळू चालतो म्हणून मुलाने तो दुकानात दिला. दुकानदाराने विचारले, "बॅकअप आहे ना?" मुलगा हो म्हणाला. बॅकअप होता, पण सात महिन्यांपूर्वीचा. शेवटच्या सात महिन्यांतला आवाज त्या घरात आता नाही. इथे वाईट कोणीच वागले नाही. फक्त तारीख कोणी पाहिली नाही.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप इथे गेलात की शेवटचा बॅकअप कधी झाला ते लिहिलेले असते. 'बॅक अप' दाबा, पूर्ण होऊ द्या, आजची तारीख दिसली की मगच पुढे जा. व्हिडिओही हवे असतील तर ते घेण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. जो आवाज जन्मभर हवा आहे तो फक्त व्हॉट्सॲपच्या भरवशावर ठेवू नका. मेसेज दाबून धरा, शेअर करा आणि स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा.

बॅकअप परत मिळवायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात :

१. तोच मोबाइल नंबर. नंबरवर ओटीपी येतो. आखातातून परतलेले बरेच जण तिथल्याच जुन्या नंबरवर व्हॉट्सॲप चालवत राहतात. ते सिम बंद झाले असेल तर रीसेटनंतर ओटीपी येणार कुठे? अशांनी आधी व्हॉट्सॲपमधल्या 'चेंज नंबर' पर्यायाने इथला नंबर लावून घ्यावा, नंतर बॅकअप घ्यावा.

२. तेच गुगल खाते, आयफोन असेल तर तेच आयक्लाउड.

३. तुम्ही टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावले असेल तर त्याचा सहा अंकी पिन. बॅकअपला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल तर तोही. हा पासवर्ड विसरलात तर खुद्द व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

खात्याचे कुलूप

२०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून फोनला चोरीविरुद्धचे एक कुलूप मिळाले. खाते न काढता, बटणे दाबून रीसेट केला तर चालू होताना फोन आधीचे गुगल खाते किंवा आधीचा पिन मागतो. आयफोनमध्ये असेच ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ पासून आहे. चोरासाठी हे चांगलेच आहे. अडचण अशी, की आपल्याकडे पुष्कळ घरांत ते जीमेल खाते दुकानदाराने किंवा एखाद्या भाच्याने उघडलेले असते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. मग फोन तुमचाच, बिल तुमच्याच नावाचे, आणि कुलूप उघडत नाही.

म्हणून रीसेटच्या आधी सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' उघडून कोणते ईमेल आहे ते कागदावर लिहा आणि दुसऱ्या फोनवर त्याचा पासवर्ड टाकून पाहा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबा, मगच रीसेट करा. सॅमसंग, शाओमी यांचे स्वतःचे वेगळे खाते असते, तेही पाहा.

भाईजानने आखातातून पाठवलेला जुना आयफोन लॉक निघाला तर घाबरू नका. ते तिथे बसून आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो फोन आपल्या खात्यातून काढू शकतात. बाजारात "लॉक तोडून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी त्यांना एक फोन करा.

प्रत्यक्ष रीसेट

फोन निम्म्याहून जास्त चार्ज असावा, शक्य तर चार्जरला लावलेला. मध्येच बंद पडू देऊ नये.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, सिस्टीम, रीसेट ऑप्शन्स, 'इरेझ ऑल डेटा' असा रस्ता आहे. सॅमसंगमध्ये सेटिंग, जनरल मॅनेजमेंट, रीसेट, 'फॅक्टरी डेटा रीसेट'. शाओमीमध्ये 'अबाउट फोन'च्या आत. सापडले नाही तर सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या जागेत 'रीसेट' लिहा. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन', 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. फोन पिन विचारेल, पुसल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी दाखवेल. ती यादी एकदा वाचा. मग होकार द्या आणि फोन पुन्हा सुरू होईपर्यंत हात लावू नका.

फोन विकताना किंवा दुसऱ्याला देताना

घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, बँकेचे मेसेज अशा सगळ्यांसकट फोन परक्या हातात जातो. "दुकानदार साफ करून घेईल" यावर सोडू नका. आधी खाते फोनमधून काढा, नंतर तुमच्यासमोर रीसेट करा, सिम आणि कार्ड काढा. खाते फोनमधून काढल्याने खाते बंद होत नाही, फक्त त्या फोनशी असलेला संबंध तुटतो.

२०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधली माहिती कुलूपबंद रूपातच साठवावी लागते. रीसेट करताना तिची किल्लीच नष्ट होते, म्हणून पुसलेले फोटो नंतर कोणी उकरून काढण्याची भीती फारशी नाही. त्याआधीचा जुना फोन असेल तर सेटिंगच्या सिक्युरिटी विभागात 'एन्क्रिप्ट फोन' आहे का ते पाहा. असेल तर आधी ते करा, मग रीसेट.

फोन हरवला किंवा फसवणूक झाली तर

हरवलेला फोन दुरून पुसता येतो, पण तो शेवटचा उपाय. अँड्रॉइड फोन पुसला की त्याचे ठिकाण दिसणे बंद होते. आधी दुसऱ्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड हब'मध्ये, म्हणजे पूर्वीच्या 'फाइंड माय डिव्हाइस'मध्ये, ठिकाण पाहा आणि फोन लॉक करा. सिम बंद करून घ्या, पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीच्या आधारे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर ब्लॉक होतो. हा नंबर खोक्यावर छापलेला असतो, म्हणून खोके फेकू नका.

लग्नपत्रिकेच्या किंवा चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडली आणि पैसे गेले, तर रीसेटची घाई नको. त्याने पुरावाही पुसला जातो. आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. त्यानंतर रीसेट करा, सगळे पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला, आणि ती फाइल पुन्हा टाकू नका.

शेवटी घरातल्या वहीत एक पान या कामाला द्या : कोणाच्या फोनवर कोणते ईमेल आहे, ते कोणी उघडले, परत मिळवण्यासाठी कोणता नंबर जोडला आहे, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटी कधी तपासला. पासवर्ड तिथे लिहायचा असेल तर वही कपाटात, कुलपात. दादीच्या फोनपासून सुरुवात करा. तिच्या फोनमध्ये जे आहे ते बहुधा आणखी कोणाकडेच नसते.