लाल विंचू, महाडचे डॉक्टर आणि रक्तदाबाची गोळी

गडग्याचा दगड उचलताना, चुडतं ओढताना, लाकडं काढताना विंचू दिसला नाही अशी बाई आपल्या इन्सुलीत शोधून सापडायची नाही. काळा विंचू मोठा आणि दिसायला भयंकर. पण जिवावर उठतो तो बारका लाल विंचू. आज त्याच्या विषावर उपाय कसा सापडला, ते सांगतो.

इन्सुलीवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्यानेच महाड लागतं. त्याच्याजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले, गरिबीतून शिकलेले. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या शंभरांतले तीस-चाळीस जण दगावत. बावस्करांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले, तासातासाला काय होतं ते लिहीत गेले. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार; आणि पुरुषांत, अगदी लहान मुलग्यांतही, लिंग ताठ होणं. ही शेवटची खूण आपण लाजेने सांगत नाही. पण आईने ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे, कारण विष अंगभर भिनल्याची ती लवकर दिसणारी खूण आहे. या खुणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आला.

मग माणूस मरतो कशाने? हे विष नसांमधली बारीक दारं उघडीच ठेवतं. नसा थांबेनात, की अंगात अ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. घाबरल्यावर छाती धडधडते ना, तोच हा रस. त्याने रक्तवाहिन्या आवळतात. पोफळीच्या बागेतला पाइप पायाखाली दाबला की पंपावर जोर येतो, तसा हृदयावर येतो. हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं.

हा रस रक्तवाहिनीला ‘आवळ’ असं सांगतो कसा? पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये सांगितलं की अ‍ॅड्रेनॅलिनच्या जागा दोन जातीच्या आहेत, अल्फा आणि बीटा. पहिल्या मासिकाने तो लेख परतच पाठवला होता! याच घराण्यातल्या ग्राहींचा उलगडा केल्याबद्दल पुढे 2012 मध्ये लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना नोबेल मिळालं. रक्तवाहिनी आवळणारी जागा अल्फाची.

प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमकी तिथे जाऊन बसते. एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरतो, तशी. मागून अ‍ॅड्रेनॅलिन येतं खरं, पण त्याला बसायला जागा नसते. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो.

बावस्करांनी आधी सलाइनमधून द्यायचं एक औषध वापरून पाहिलं होतं. गुण आला, पण त्याला मिनिटामिनिटाला नजर ठेवणारा माणूस हवा. खेड्यात तो आणायचा कुठून? प्राझोसिन पोटात घ्यायची, कुठल्याही आरोग्य केंद्राच्या कपाटात मावणारी. आम्हाला तर मोठेपण इथेच दिसतं. 1986 मध्ये तो अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि मृत्यू शंभरात एकाच्या आसपास उतरले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. लेखांवर दोघांची नावं आहेत. पेपरात मात्र बहुतेकदा एकच नाव येतं, ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढे विंचवाच्या विषावरची लस निघाली. प्राझोसिनला तिची जोड द्यावी का, हे दोघांनी सत्तर रुग्णांवर तपासलं. नुसती प्राझोसिन घेतलेल्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. दोन्ही घेतलेल्या 35 पैकी 32. हे 2011 मध्ये इंग्लंडच्या वैद्यक साप्ताहिकात छापलं गेलं. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

गंमत बघा, याच लाल विंचवाच्या विषातून 1990 मध्ये शास्त्रज्ञांनी आयबेरियोटॉक्सिन नावाचा पदार्थ वेगळा काढला. पेशींमधली पोटॅशियमची एक वाट तो बंद करतो, म्हणून नसांचं काम समजून घ्यायला तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.

आता आपल्याकडचं. विंचू चावला की अजून आधी मंत्र, मग पाला, मग रिक्षा. त्यात दोन-तीन तास जातात, आणि नेमक्या त्याच वेळात अ‍ॅड्रेनॅलिन आपलं काम करत असतं. गोळी घरी ठेवून मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरतो, उठून बसलं की चक्कर येते. लहान मुलाला किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. आपण एवढं करू: पावसाआधीच्या बचतगटाच्या बैठकीला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलावू, आणि प्राझोसिन व विंचवाची लस कपाटात आहे का, रात्री कोण असतं, हे विचारून वहीत लिहून ठेवू.