मोजायचे ते कशासाठी?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की मासळीचे वाटे पडतात. जाळे कितीही लांब असो, मासळीच आली नाही तर वाट्याला काही येत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र बराच काळ जाळ्याची लांबीच मोजली जात होती.

प्रोग्रॅमच्या ओळी मोजणे सोपे होते. पण तेच काम एकाने हजार ओळींत केले आणि दुसऱ्याने तीनशेत, तर पहिला अधिक कामसू ठरे. ही विसंगती दूर करण्यासाठी आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ साली ‘फंक्शन पॉइंट’ची रीत मांडली. वापरणाऱ्याला प्रणालीतून काय मिळते, तेच तीत मोजले जाई.

त्याच सुमारास व्हिक्टर बॅसिली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात आणि नासाच्या गोडार्ड केंद्रासोबत काम करत होते. त्यांनी सांगितलेला क्रम असा: आधी हेतू ठरवा, मग प्रश्न, आकडा शेवटी.

मोजमापाची दुसरी गरज गिऱ्हाइकाची होती. सॉफ्टवेअरचे काम कोणत्या कंत्राटदारावर सोपवावे, हा अमेरिकी संरक्षण खात्याचा प्रश्न होता. १९८४ मध्ये पिट्सबर्गला स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने त्याचे उत्तर शोधले गेले. त्यातून १९९१ मध्ये पाच पायऱ्यांचा ‘क्षमता परिपक्वता’ आराखडा आला. वरच्या दोन पायऱ्यांचा पायाच मोजमापाचा होता.

या आराखड्याला भारतात मोठे महत्त्व आले. मुंबईत १९७३ साली सीप्झ सुरू झाले होते. गिरणीत राबलेल्या चाकरमान्यांच्या पुढच्या पिढीतले काही जण संगणकाकडे वळले. त्यांचे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे होते. त्याच्या विश्वासासाठी पुरावा हवा होता. १९९०च्या दशकात बंगळूरच्या मोटोरोला केंद्राने पाचवी पायरी गाठली आणि मग इतर भारतीय कंपन्याही त्या वाटेने गेल्या. त्यातून कामे मिळाली, शिस्तही आली. पण चुका सुधारण्यासाठी असलेले मोजमाप प्रमाणपत्रासाठी होऊ लागण्याचा धोकाही तिथेच होता.

जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, असे टॉम डीमार्को यांनी १९८२ मध्ये लिहिले होते. २००९ मध्ये त्यांनीच त्या मताची फेरतपासणी केली. दहा लाख डॉलर खर्चून अकरा लाखांचे मोल देणाऱ्या प्रकल्पाला कडक नियंत्रण लागते; तेवढ्याच खर्चात पाच कोटींचे मोल देणाऱ्याला ते फारसे लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे आधी विचारायचे ते हे, की काम करण्याजोगे आहे का?

कुडाळचा शेतकरी ऑनलाइन सातबारा काढतो, तेव्हा त्यामागच्या प्रणालीत किती ओळी आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपले नाव आणि क्षेत्र बरोबर आले आहे का, एवढेच तो पाहतो.